फोटो प्रिंटर घेण्याआधी कॅलेंडर पाहावे

घरी फोटो छापण्यासाठी प्रिंटर घ्यायचा म्हटले की बहुतेक जण आधी खोक्यावरचे आकडे वाचतात: डीपीआय (इंचाला बिंदू) किती, रंग किती, मिनिटाला पाने किती. या आकड्यांना अर्थ आहे, पण निवडीची सुरुवात त्यांच्यापासून केली तर ती बहुधा फसते. पहिला प्रश्न वेगळाच आहे आणि त्याचे उत्तर खोक्यावर नसते: आपण फोटो किती वेळा छापणार आहोत? दर आठवड्याला चार-पाच, की वर्षातून दोनदा एकदम शंभर? शाईचा प्रिंटर वापराने झिजतो त्यापेक्षा कितीतरी अधिक पडून राहून बिघडतो, म्हणून हा प्रश्न आधी सोडवायचा. उत्तर देताना खरेदीचा उत्साह बाजूला ठेवावा आणि गेल्या बारा महिन्यांत आपण प्रत्यक्ष किती फोटो कागदावर उतरवले ते आठवावे. नवा प्रिंटर आल्यावर सवय बदलेल, ही आशा पहिल्या दोन महिन्यांपुरतीच खरी ठरते.

इंकजेट, म्हणजे शाईच्या प्रिंटरच्या हेडमध्ये (कागदावर शाई सोडणाऱ्या भागात) केसापेक्षाही बारीक अशी शेकडो छिद्रे असतात. त्यांना नोझल म्हणतात. फोटोसाठीच्या यंत्रांत त्यांतून पडणारा थेंब दीड-दोन पिकोलिटरचा, म्हणजे लिटरच्या एक लक्ष-कोटीव्या भागाच्या दीड-दोन पट इतकाच असतो. एवढ्या लहान तोंडाशी थांबलेली शाई काही आठवड्यांत घट्ट होऊन बसते यात नवल नाही. कॅनन आणि एचपी यांच्या यंत्रांत शाई क्षणभर तापवून तिच्यात वाफेचा बुडबुडा तयार केला जातो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो, तर एप्सनच्या यंत्रांत वीज मिळताच आकार बदलणारा पायझो घटक हे काम करतो. ग्राहकाच्या दृष्टीने यातला कळीचा मुद्दा असा की हेड बसवलेले कुठे आहे. एचपीच्या अनेक लहान प्रिंटरांत आणि कॅननच्या दोन कार्ट्रिजवाल्या स्वस्त प्रिंटरांत हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते, त्यामुळे छिद्रे बुजली तर नवे कार्ट्रिज टाकले की हेडही नवे होते. एप्सनमध्ये हेड यंत्राचाच कायमचा भाग असतो. कधीमधीच छापणाऱ्याला पहिला प्रकार शाईच्या दृष्टीने महाग पडतो, पण मनस्तापाच्या दृष्टीने स्वस्त.

ज्यांचे उत्तर ‘वर्षातून दोनदा’ असे आले असेल आणि पोस्टकार्डाएवढा फोटो पुरेसा असेल, त्यांनी डाय-सब्लिमेशन प्रिंटर पाहावा. कॅननची सेल्फी मालिका हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. त्यात द्रव शाई नसतेच. पिवळा, मजेंटा (गुलाबी-जांभळा) आणि सायन (आकाशी) अशा रंगांचे पट्टे एकापुढे एक असलेली रिबन असते आणि शेवटी पारदर्शक संरक्षक थराचा पट्टा असतो. कागद चार वेळा आत-बाहेर होतो; पहिल्या तीन खेपांना उष्णतेने एकेक रंग कागदाच्या थरात उतरतो आणि चौथ्या खेपेला संरक्षक थर चढतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला पिवळा फोटो बाहेर आलेला दिसतो आणि काहीतरी बिघडले असे वाटते; मात्र त्या वेळी कागद ओढू नये. ही यंत्रे ३०० डीपीआयची असतात. हा आकडा इंकजेटच्या जाहिरातीपुढे केविलवाणा दिसतो, पण येथे प्रत्येक बिंदूत रंगाची छटा कमी-जास्त करता येते, त्यामुळे चेहऱ्याचा पोत गुळगुळीत येतो. सहा महिने कपाटात ठेवून बाहेर काढले तरी यंत्र पहिल्याच कागदावर नीट छापते. कागद आणि रिबन मोजून एकत्र मिळतात, म्हणून एका फोटोचा खर्च आधीच ठाऊक असतो. मर्यादा दोन आहेत: मोठा आकार मिळत नाही, आणि फोटो पांढराफटक असला तरी रिबन तेवढीच खर्च होते. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वापरलेली रिबन उजेडासमोर धरली तर प्रत्येक फोटोची उलटी प्रतिमा तिच्यावर स्पष्ट दिसते; फोटो खासगी असतील तर रिबन कापूनच टाकावी.

खिशात मावणाऱ्या झिंक प्रिंटरांत रंग कागदातच दडलेले असतात आणि उष्णतेने उमटतात. मित्रमंडळींत गंमत म्हणून ते छान आहेत, पण त्यांवर अल्बम उभा करू नये. लेझर प्रिंटर पत्रांसाठी उत्तम, फोटोसाठी नव्हे. शिवाय इंकजेटचा चकचकीत कागद त्यात कधीही घालू नये, कारण वरचा थर आतल्या उष्णतेने वितळून यंत्राला चिकटू शकतो.

नियमित छापणाऱ्याने इंकजेटच घ्यावा, आणि मग शाईकडे वळावे. डाय शाईत रंग विरघळलेला असतो. चकचकीत कागदावर ती अधिक तेजस्वी दिसते, पण उजेडाने आणि हवेतल्या ओझोनने लवकर फिकी पडते. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण तरंगत असतात. ती टिकाऊ असते आणि मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, कागदावर विशेष शोभते, मात्र चकचकीत कागदावर तिरपे पाहिले तर शाईचा भाग आणि कोरा भाग यांची चकाकी वेगवेगळी भासते. अल्बममध्ये झाकून राहणाऱ्या घरगुती फोटोंना डाय शाई पुरेशी आहे. भिंतीवर वर्षानुवर्षे टांगायचे किंवा कोणाला विकायचे असेल तरच पिगमेंटचा जादा खर्च सार्थकी लागतो.

रंगांची संख्या वाचताना एक फसगत होते. ‘पाच रंग’ असे लिहिलेल्या पुष्कळ यंत्रांत दोन काळ्या शाया असतात. त्यांपैकी पिगमेंटची काळी केवळ साध्या कागदावरच्या मजकुरासाठी असते आणि चकचकीत कागदावर ती वापरलीच जात नाही. म्हणजे फोटोसाठी उरतात चारच. खरा फरक पडतो तो फिकी सायन, फिकी मजेंटा किंवा राखाडी अशी जादा शाई असली तर. मग आकाशाचा उतरता निळा रंग आणि गालावरची सावली यांत दाणे दिसत नाहीत. कृष्णधवल छायाचित्रांची आवड असेल तर राखाडी शाईचा प्रिंटरच पाहावा, नाहीतर राखाडीत कधी हिरवट तर कधी जांभळट झाक येत राहते आणि ती घालवता घालवता कागदाचे पाकीट संपते.

टाकीवाले प्रिंटर, म्हणजे एप्सनचे इकोटँक, कॅननचे मेगाटँक, एचपीचे स्मार्ट टँक, हे बाटलीतून शाई भरून चालतात आणि भरपूर छापणाऱ्याला निःसंशय परवडतात. परंतु टाकी मोठी आहे म्हणून हेड सुकायचे थांबत नाही. न वापरता ठेवलेला टाकीवाला प्रिंटर हा महागडा शोभेचा डबा होतो. शिवाय ‘एका भरण्यात इतकी हजार पाने’ हा दावा बहुधा आयएसओ/आयईसी २४७११ या मानकाप्रमाणे मोजलेला असतो, आणि तो साध्या कागदावरच्या कार्यालयीन स्वरूपाच्या पानांचा असतो. फोटोत कागदाचा इंचन् इंच शाईने भरतो, त्यामुळे त्या हजारांचा फोटोंशी संबंध नाही. फोटोंसाठी आयएसओ/आयईसी २९१०२ हे निराळे मानक आहे. त्यानुसार आकडा दिला असेल तरच तो धरावा. कार्ट्रिजवाला प्रिंटर घेताना प्रत्येक रंगाचे कार्ट्रिज स्वतंत्र असावे. तीन रंग एकाच डबीत असतील तर निळे आकाश आवडणाऱ्याच्या घरी सायन आधी संपते आणि शिल्लक पिवळ्यासकट डबी टाकावी लागते.

डीपीआयविषयी थोडक्यात. ४८०० बाय १२०० किंवा ५७६० बाय १४४० हे आकडे थेंब किती जवळ पडू शकतात ते सांगतात. फोटोतला तपशील त्यांनी वाढत नाही. फोटोसाठी इंचाला ३०० पिक्सेल हा हिशेब पुरे. त्याप्रमाणे ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात आणि ए४ कागदाला सुमारे ८.७ मेगापिक्सेल, जे साध्या मोबाईलमध्येही असतात. अडचण येते ती प्रमाणाची. मोबाईलचा फोटो सहसा ४:३ असतो आणि ४ बाय ६ कागद ३:२, त्यामुळे कागद पूर्ण भरायचा तर फोटोचा नववा हिस्सा कापला जातो. समूहचित्रात मागच्या रांगेतल्या उंच माणसाचे कपाळ जाते ते याच हिशेबात. कुठून कापायचे ते आपण आधी ठरवावे, प्रिंटरवर सोडू नये.

यंत्र प्रत्यक्ष पाहताना दोन गोष्टी आवर्जून तपासाव्यात. मागून कागद घालायची सोय आहे का? खालच्या ट्रेमधून जाणारा कागद आत पूर्ण वळून वर येतो आणि जाड फोटो कागदाला ते वळण सोसत नाही. दुसरे म्हणजे, वाया गेलेली शाई साठवणारा डबा, ज्याला मेंटेनन्स बॉक्स म्हणतात, तो आपल्याला बदलता येतो का? हेड साफ करताना निघणारी शाई त्यात जाते. तो भरला की यंत्र छापायला नकार देते, आणि ज्या मॉडेलांत शाई शोषणारे पॅड आतच बसवलेले असतात त्यांना त्यासाठी सर्व्हिस सेंटरला न्यावे लागते. वाय-फाय आणि मोबाईलवरून छापण्याची सोय आज जवळपास सगळ्यांतच असते, तेव्हा तिच्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

कागद आणि रंग

निम्मे फोटो बिघडतात ते प्रिंटरमुळे नव्हे, चुकीच्या कागद-सेटिंगमुळे. प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये (प्रिंटर चालवणाऱ्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये) कागदाचा प्रकार निवडतो तेव्हा शाई किती सोडायची, हेड किती वेगाने फिरवायचे आणि कोणती काळी वापरायची हे सगळे ठरत असते. चकचकीत कागद घालून ‘साधा कागद’ असेच राहू दिले तर रंग मरगळलेले येतात किंवा काळी शाई बोटाला लागते. रोजचा कार्यालयीन कागद ७० ते ८० जीएसएमचा (चौरस मीटरला इतक्या ग्रॅमचा) असतो. चांगला फोटो कागद २०० ते ३०० जीएसएमच्या आसपास. चकचकीत कागदावर रंग उठून दिसतात पण बोटांचे ठसेही उठून दिसतात. हातोहात फिरणाऱ्या फोटोंसाठी किंचित खरबरीत ल्युस्टर मला अधिक पसंत आहे. नवा कागद मोठ्या संख्येने घेण्यापूर्वी लहान पाकीट आणून एकच फोटो त्यावर आणि जुन्यावर छापून ताडून पाहावा.

मॅट कागदाची छापायची बाजू नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. एक कोपरा घ्यावा, बोटाचे टोक किंचित ओले करावे आणि चिमटीत धरून सोडावे. ज्या बाजूला बोट जरासे चिकटते ती थर दिलेली, म्हणजेच छापायची बाजू. उलट बाजूला छापले तर शाई पसरते आणि रंग मरगळलेले येतात.

‘पडद्यावर सुंदर दिसतो, कागदावर काळवंडतो’ ही सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार. पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद फक्त परावर्तित करतो. त्यातून पडद्याची चमक कमाल पातळीवर असेल तर आपण फोटो मुळातच गडद ठेवलेला असतो. पडदा मंद करावा, शेजारी कोरा कागद धरून दोन्ही पांढरे सारखे दिसतात का ते पाहावे, आणि मग फोटो सुधारावा. रंगांचे नियंत्रण एकाकडेच द्यावे: फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये कागदाचे आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात याची नोंद असलेली फाइल) निवडले असेल तर ड्रायव्हरमधले रंगनियंत्रण बंद करावे. दोघांनीही रंग सुधारले की चेहरे लालबुंद होतात. प्रोफाइलच्या भानगडीत पडायचे नसेल तर फोटो एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत ठेवून सगळे प्रिंटरवर सोपवावे. घरगुती कामाला ते बहुतेक वेळा पुरते. मोठा फोटो छापण्याआधी त्याचाच दोन-चार बोटांएवढा तुकडा कमी-जास्त उजळ करून एकाच कागदावर चार वेळा छापावा आणि वाळल्यावर दिवसाच्या उजेडात निवड करावी.

देखभाल

आठवड्यातून एकदा एक रंगीत फोटो छापावा, एवढा एक नियम पाळला तरी बहुतेक बिघाड टळतात. काळ्या मजकुराचे पान चालणार नाही, कारण त्याने बाकीची छिद्रे कोरडीच राहतात. लहान कागदावर सगळे रंग असलेला एखादा फोटो पुरतो.

प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावा, भिंतीवरच्या किंवा एक्स्टेंशन बोर्डाच्या बटणाने नव्हे. यंत्राच्या बटणाने बंद केले की हेड उजवीकडे सरकून रबरी टोपीवर बसते आणि ‘खट्’ असा बारीक आवाज येतो. ती टोपी छिद्रांना हवेपासून वाचवते. वीज अचानक तोडली तर हेड वाटेतच उघडे पडू शकते. हे मी ऐकून सांगत नाही. एकदा गावाला जाताना घाईने बोर्डाचे बटण दाबले, आणि महिनाभराने परतलो तेव्हा प्रत्येक फोटो हिरवा येत होता. मजेंटा पूर्ण बंद पडली होती आणि ती मोकळी करताना चार रंगांची अर्धी-अर्धी शाई गेली.

छपाईत रेषा दिसू लागल्या की साफसफाईचे बटण दाबण्याआधी नोझल चेक छापावा. त्यात प्रत्येक रंगाच्या बारीक रेघांची पायऱ्यांसारखी जाळी येते. जिथे रेघ तुटली तिथले छिद्र बुजलेले. पिवळी जाळी पांढऱ्या कागदावर जवळपास दिसतच नाही आणि म्हणून पिवळ्याचा दोष बरेच दिवस लपतो. खोलीत अंधार करून मोबाईलचा पडदा पूर्ण निळा ठेवावा आणि त्या उजेडात कागद धरावा. पिवळ्या रेघा काळपट दिसू लागतात आणि तुटलेली जागा लगेच सापडते.

रेघा तुटक असतील तरच हेड साफ करावे. एकदा, दुसऱ्यांदा, फार तर तिसऱ्यांदा. दर वेळी मध्ये नोझल चेक घ्यावा. तरीही फरक नसेल तर थांबावे आणि यंत्र बंद करून रात्रभर तसेच ठेवावे. घट्ट झालेली शाई ताज्या शाईने भिजून सैल होते आणि पुष्कळदा सकाळी एकाच खेपेत मोकळी होते. लागोपाठ दहा वेळा साफसफाई केल्याने शाई मेंटेनन्स बॉक्समध्ये जाते, यापलीकडे काही साधत नाही. टाकीवाल्या यंत्रात ‘पॉवर क्लीनिंग’, म्हणजे जोरदार साफसफाई, करण्याआधी सर्व टाक्यांतली पातळी पाहावी, कारण शाई खालच्या खुणेच्या खाली असेल तर नळ्यांमध्ये हवा शिरते आणि मूळ दुखण्यापेक्षा उपाय भारी पडतो. सिरिंजने हेडमध्ये द्रव सोडण्याचे उपाय सर्वत्र सुचवले जातात. यंत्र टाकूनच द्यायचे ठरले असेल तेव्हाच ते करून पाहावेत.

उभ्या रेषा दुहेरी दिसत असतील तर दोष शाईचा नसून हेडच्या जुळणीचा असतो, आणि अलाइनमेंटचे पान छापून तो जातो. कागद अडखळत असेल तर ओलसर, धागे न सुटणाऱ्या कापडाने रोलर पुसावेत. आत हात घातलाच तर हेडच्या मागे ताणलेल्या पारदर्शक अरुंद पट्टीला स्पर्श करू नये. तिच्यावरच्या सूक्ष्म रेघा वाचून हेड आपली जागा ओळखते. तिला शाईचे बोट लागले की हेड धडाधड कडेला आदळू लागते.

कार्ट्रिज बसवेपर्यंत सीलबंद ठेवावे, आणि बसवल्यावर सहसा सहा महिन्यांत संपवावे. रिकामे झाले तरी नवे हाती येईपर्यंत ते काढू नये, कारण उघड्या जागेतून हवा लागून शाई सुकते. दुसऱ्या कंपनीची शाई मजकुरासाठी वापरली तर फारसे बिघडत नाही, पण फोटोत रंग बदलतात, प्रोफाइल निरुपयोगी होते आणि टिकाऊपणाचा भरवसा राहत नाही. काही यंत्रे फर्मवेअर (यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत झाल्यावर अशी कार्ट्रिज नाकारतात, हेही गृहीत धरावे.

कडेपर्यंत रंग भरणारी बॉर्डरलेस छपाई आकर्षक दिसते, पण तिच्यात शाई मुद्दाम कागदाबाहेर सोडली जाते. ती आतल्या स्पंजवर साचते आणि कालांतराने फोटोंच्या पाठीला डाग लागू लागतात. बारीक पांढरी किनार ठेवण्याची सवय यंत्राच्या हिताची आहे, आणि फोटो धरताना अंगठाही तिच्यावरच पडतो.

छापलेले फोटो लगेच एकावर एक रचू नयेत. किमान पंधरा मिनिटे सुटे ठेवावेत. फ्रेममध्ये किंवा अल्बममध्ये घालण्यापूर्वी पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा. शाईतले ग्लायकॉल हळूहळू बाहेर पडत असते आणि घाईने काच लावली तर काही दिवसांनी तिच्या आतून धुरकट थर चढतो. तो दिसला तर घाबरू नये: फ्रेम उघडावी, काच पुसावी, फोटो आणखी एक दिवस हवेत ठेवावा आणि पुन्हा लावताना काच व फोटो यांच्यामध्ये माउंटची पुठ्ठ्याची चौकट घालावी.